उजवा, डावा आणि पाय

माझ्या चुलत भावाने वल्ह्याचा पहिला घाव घातला तो त्या माणसाच्या खांद्यावर. दुसरा उजव्या हातावर, कोपराच्या खाली. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. सुकी झावळी पायाखाली मोडावी तसा तो होता, साधाच. त्यानंतरचं ओरडणं साधं नव्हतं.

सकाळचे दहा वाजले असतील. होड्या वर वाळूत ओढलेल्या होत्या. रापणीतली चौदा-पंधरा माणसं त्याच्याभोवती होती, आणि तो गुडघ्यावर बसून आपलं काय चुकलं ते आधी सांगा, एवढंच परत परत म्हणत होता. त्याची बायको धावत आली आणि माझ्या भावाच्या मनगटाला चावली. त्याने तिचं डोकं धरून तोंड वाळूत दाबलं. ती उठली तेव्हा तिच्या दातांना रक्त लागलं होतं, ते तिचं की त्याचं ते कळत नव्हतं. मी तीन पावलांवर उभी होते. माझ्या हातात जेलची ट्यूब होती. घरातून सगळे निघाले तेव्हा ती खाली ठेवायचं भान मला राहिलं नव्हतं.

त्या माणसाने काय केलं होतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते त्यांना माझ्या तोंडून कळलं होतं.

मी मुळात कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, तीही गोव्यात मावशीकडे राहून झाली. मे महिन्यात गावी आले की चुलत भावंडं मला मालवणीत काहीतरी म्हणायला लावायची आणि मी तोंड उघडलं की हसायची. हळूहळू मी मानेनेच उत्तरं द्यायला शिकले. गावात मला शिष्ट समजतात. मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण शिष्ट माणसाला लोक कमी प्रश्न विचारतात.

थोरले काका मात्र हसायचे नाहीत. ते आमच्या वाडीच्या रापणीचे म्होरके. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकत जायचं आणि दोन टोकांचे दोन दोर चाळीस-पन्नास माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायचे. काका दोन दोरांच्या मधून चालत ओरडायचे. एक दोर पुढे गेला आणि एक मागे राहिला तर मासळी निसटते, म्हणून ज्याचा दोर सैल त्याच्या पाठीवर थाप बसायची. थाप म्हणजे नुसती थापच नव्हे. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी एका तरुण पोराला दोराच्या टोकाने मारलेलं मी पाहिलं आहे. त्याने विडी पेटवायला दोर सोडला होता. मानेवर उठलेला वळ दुसऱ्या दिवशी काळा झाला होता. पुढे तो पोरगा रापण सोडून गेला आणि यांत्रिक बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य खलाशी, झाला. वाळूत गुडघ्यावर बसलेला माणूस तोच.

दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी, यांत्रिक बोटी किनाऱ्याच्या अगदी जवळ आल्या. इतक्या जवळ यायला त्यांना मनाई आहे. आपल्या तोंडची मासळी डोळ्यांसमोर उचलली जाते म्हणून आमच्या तीन होड्या दगड भरून निघाल्या. मी सुट्टीत घरी होते, बायकांबरोबर किनाऱ्यावर उभी होते. लांबून ते खेळण्यासारखं दिसत होतं. बारीक माणसं हात वर करत होती, खाली करत होती, आवाज येत नव्हता. बोटीवरूनही दगड येत होते, आणि दोन होड्या बोटीला भिडल्यावर बांबू चालले. मग एक होडी एकटीच परत फिरली. तिच्या तळात काका पालथे पडले होते. खालचं पाणी लाल झालं होतं आणि त्यात सकाळचे चार बांगडे तरंगत होते.

घाव मानेवर, मागच्या बाजूने बसला होता. मेंदूकडे रक्त नेणारी नस आतून फाटली, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. काका शुद्धीवर आले ते तीन आठवड्यांनी. त्यांना ऐकू येत होतं, सगळं समजत होतं, फक्त अंगातलं काही हलत नव्हतं. पापण्या हलत, पण त्या आपल्या आपणही मिटत, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता. पोलिसांनी वीस जणांना विचारलं. घाव कुणी घातला ते कुणीच पाहिलं नव्हतं.

ज्या पुनर्वसन केंद्रात त्यांना ठेवलं होतं तिथेच मला पुढे नोकरी लागली. तिथे एक गट मेंदूच्या लहरी वाचणाऱ्या टोपीवर काम करत होता. मला कॉम्प्युटर येत होता आणि मालवणी समजत होती. टोपीला छोट्या खोबणी असतात. बोथट सुईने प्रत्येक खोबणीत जेल भरायचं, ते डोक्याच्या कातडीला टेकलं पाहिजे. मग माणसाने मनात उजवा हात हलवला की लॅपटॉपवरची पट्टी उजवीकडे जाते आणि हिरवा दिवा लागतो, म्हणजे होय. डावा हात हलवला की डावीकडे, तांबडा दिवा, म्हणजे नाही. शस्त्रक्रिया नाही, म्हणून ती घरीसुद्धा वापरता येते का ते त्यांना बघायचं होतं. काकांबरोबर मला तीन महिन्यांसाठी टोपी देऊन गावी पाठवलं.

गावी आल्यावर पहिले दोन आठवडे काही झालं नाही. केंद्राने लिहून दिल्याप्रमाणे, उजवी मूठ मिटल्याची कल्पना करा, असं मी सांगत होते आणि पट्टी मधेच थरथरत राहायची. एका सकाळी मी कंटाळून त्यांच्या कानाशी वाकले आणि माझ्या वेड्यावाकड्या मालवणीत म्हटलं, “काका, उजवो दोर ओढा.” पट्टी सरळ उजव्या कडेला जाऊन आपटली.

काकीने विचारलेला पहिला प्रश्न पेजेबद्दल होता. मीठ कमी पडतं का? हिरवा दिवा लागला.  काकीने त्यांच्या पायावर हलकी चापट मारली आणि म्हणाली की दोन वर्षं मी ह्या माणसाला अळणी पेज भरवतेय आणि हा आपला गप.

बातमी वाडीत पसरली ती वेगळ्याच रूपात. काका कौल देतात, असं लोक म्हणू लागले. आमच्या ग्रामदेवाला कौल लावायची रीत आहे. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न, विहीर, कोर्ट, सगळ्याला कौल लावतात. कधी कधी दुपार होते तरी एकही पाकळी पडत नाही. मग लोक उठतात आणि घरी जातात. देवाला आज बोलायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आता उजवा म्हणजे होय, डावा म्हणजे नाही, आणि समोर न बोलणारा, न हलणारा माणूस. त्यांना टोपी समजावून सांगायची गरजच पडली नाही. मलाही बरं वाटलं, कारण समजावून सांगावं लागलं नाही.

त्या सकाळी घरापुढच्या खळ्यात रापणीची माणसं जमली. काकांची खाट पडवीत आणली होती. सुरुवातीला मस्करी चालली. एकाने दुसऱ्याची माहेरी गेलेली बायको परत येईल का ते विचारलं. तांबडा दिवा लागला आणि खळं हसून दणाणलं. ज्याची बायको तो म्हणाला, “काकानू, तुमी गप होतास तेच बरे होतास.”

मग रापणीतले सगळ्यात म्हातारे आजोबा पुढे झाले. देवळात गाऱ्हाणं तेच घालतात. त्यांनी हात जोडले आणि देवळात म्हणतात त्याच चालीत सुरू केलं, की ही लेकरं तुझ्यापुढे उभी आहेत, तुझ्यावर मागून घाव घालणारा अजून गावात फिरतो, त्याचं नाव आज पडू दे. मागून माणसं “होय म्हाराजा” म्हणत होती. पहिलं ‘होय म्हाराजा’ हसत म्हटलं गेलं. तिसऱ्याला कुणी हसत नव्हतं. माझ्या भावाने तोंडावरून हात फिरवला आणि तो उभा राहिला.

आजोबांनी त्या दिवशी बोटींवर असलेल्या चौघांची नावं घेतली. पहिलं. तांबडा. दुसरं. तांबडा. तिसरं, तांबडा. चौथं त्या तांडेलाचं. पट्टी थोडी डावीकडे गेली, मधे आली, तिथे थांबली आणि शेवटच्या क्षणी उजवीकडे नखभर सरकली. हिरवा दिवा लागला.

दिवा सगळ्यांनी पाहिला. पट्टी फक्त मी पाहिली. प्रत्येक प्रश्न पाच वेळा, क्रम बदलून विचारायचा आणि नखभर सरकलेली पट्टी धरायचीच नाही, हे मला केंद्रात शिकवलं होतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. ह्या प्रोग्रॅमला दोनच उत्तरं येतात. माणूस झोपलेला असला, दुसराच विचार करत असला, त्याला उत्तर ठाऊकच नसलं, तरी तो दोहोंपैकी एक दिवा लावतो. चौकटीत तिसरी जागाच नाही.

आजोबा माझ्याकडे वळले. “गो बाय, उजवो पडलो मां?”

पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. मला सगळं मालवणीत सांगायचं होतं आणि कुठून सुरू करावं ते सुचेना. मी म्हटलं, “हो.”

ते खोटं नव्हतं. त्या दिवशी मी बोललेला तो एकच शब्द.

हात मोडल्यावर त्यांनी त्याच्या बोटीच्या इंजिनावर पहारी घातल्या. घराची पुढची कौलं फोडली. घरात शिजत ठेवलेला भाताचा टोप कुणीतरी लाथेने उडवला, वाफाळता भात ओटीवर पसरला आणि त्यावरून माणसं चालत गेली. परत आल्यावर भावाने काकांच्या छातीवर हात ठेवून सांगितलं की बाबा, त्याचा हात मोडला. मी टोपी काढत होते. काकांच्या पापण्या मिटल्या आणि उघडल्या. त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नव्हता.

भावाला पोलिसांनी नेलं, दोन दिवसांनी जामिनावर सोडलं. वाडीने त्याचा राग धरला नाही. राग धरला तो तांडेलाच्या घरावर. दुकानदार त्याच्या बायकोला सामान द्यायला उशीर लावू लागला. ती विहिरीवर आली की बायका कळशा उचलून निघून जात. तिची मुलगी शाळेतून रडत यायची. तांडेलाच्या बायकोची वाट आमच्या बेड्यासमोरून, म्हणजे कुंपणाच्या फाटकासमोरून, जायची. ती रोज तिथे थांबायची आणि मी पडवीत असले तर माझ्याकडे बघायची. शिवी नाही, थुंकणं नाही, नुसतं बघायची. भावाकडे तिने एकदाही असं पाहिलं नाही.

दहाव्या दिवशी मी मॅडमना फोन केला.  त्यांनी विचारलं की पट्टी दिसत असताना तू दिवा का वाचलास?  मी फक्त एवढं विचारलं की तिसरी जागा करता येईल का? त्या म्हणाल्या, येईल, हातांऐवजी पायांची कल्पना करायची. काकांना ते कसं सांगायचं हे मला ह्या वेळी लगेच कळलं. दोर कुणी ओढत नाही, तुम्ही पाय वाळूत रोवून नुसते उभे आहात. पाय म्हणजे ठाऊक नाही.

ते पक्कं व्हायला आठ दिवस लागले. आधी ज्यांची उत्तरं सगळ्यांना ठाऊक होती ते प्रश्न विचारले, मग ज्यांची त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं ते. माझ्या खिशात किल्ली आहे का? पाय. नवव्या दिवशी, फक्त काकी जवळ असताना, मी तो प्रश्न विचारला. त्या तांडेलानेच तुम्हाला मारलं का? मधे दुसरे प्रश्न घालून पाच वेळा विचारला. पाचही वेळा पाय, आणि पट्टी कडेपर्यंत. मग विचारलं, मारणाऱ्याला तुम्ही पाहिलंत का? डावा. पाचही वेळा डावा.

काकी म्हणाली, “म्हणजे तेका उगीच…” आणि तिने पदर तोंडात धरला.

मी काकांना विचारलं की वाडीला सांगू का? उजवा.

संध्याकाळी माणसं किनाऱ्यावर जाळी शिवत बसली होती. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सगळं मालवणीत सांगितलं, अडखळत, चुका करत. पट्टी, नखभर सरकणं, दोनच जागा, नंतरची तिसरी. कुणी हसलं नाही. भावाने हातातली सुई खाली ठेवली.

“उजवो पडलो म्हणान तूच सांगलंस.”

“हो,” मी म्हटलं. “मी अर्धाच सांगलंय.”

त्याने मला कानाखाली मारली. मी पडले नाही, पण त्या कानात दोन दिवस समुद्रच वाजत होता. दुसरी मारायला त्याने हात उचलला तेव्हा आजोबांनी तो धरला. ते मला रागावून बोलले नाहीत, त्यामुळे ते जास्त लागलं.

“देव गप ऱ्हवता ता आमका म्हायत आसा गो,” ते म्हणाले. “ह्या यंत्र गप ऱ्हवणा नाय, ता तू सांगूक होया होता.”

दुसऱ्या दिवशी काकीने ठरवलं की काकांना तांडेलाच्या घरी न्यायचं. टेंपोत खुर्ची बांधली. काकांना उचलायची सवय भावालाच आहे, म्हणून तोही आला. खाली मान घालून त्याने त्यांना त्या ओटीवर चढवलं आणि अंगणाबाहेर जाऊन उभा राहिला. आजोबा ओटीच्या पायरीवर बसले. फुटक्या कौलांच्या जागी निळं प्लास्टिक होतं. तांडेलाच्या हाताला बाहेरून लोखंडी सळ्या लावल्या होत्या आणि सळ्या जिथे कातडीत शिरत होत्या तिथे पिवळट पाणी सुकलं होतं. त्याने आम्हाला बसा म्हटलं नाही.

मी टोपी चढवली, जेल भरलं, आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवून ठेवला. पट्टी कशी वाचायची ते आधी सांगितलं. मग तो प्रश्न विचारला. पाय. परत विचारला. पाय.

तो पडद्याकडे वळला. म्हणाला, हे कालपर्यंत एक बोलत होतं, आज दुसरं बोलतं, उद्या तिसरं बोलेल. मग पहिल्यांदाच त्याने काकांच्या डोळ्यांत बघितलं. “दगड मीपण मारलंय. खंय लागले ता माकाय म्हायत नाय.” मग त्याने विचारलं की मला मारायला तुम्ही सांगितलंत का? डावा. पट्टी कडेपर्यंत.

“माझो हात मोडल्यानी ता आयकान तुमका बरा वाटला?”

काकीने माझा हात धरला. पट्टी थोडी मागेपुढे झाली, आणि मग उजवीकडे गेली. कडेला आपटली आणि तिथेच राहिली. मला लॅपटॉप मिटता आला असता. जेल सुकलं, परत भरायला हवं, असं काहीही म्हणता आलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं.

“हो,” मी मोठ्याने म्हटलं. “कडेपर्यंत.”

त्याची बायको आतून ओरडली की न्या त्या प्रेताला इथून. तो उठला. डाव्या हाताने त्याने काकांच्या तोंडात मारली. एकच, पण सगळ्या अंगाचा भार घालून. काकांचं डोकं खुर्चीच्या दांड्यावर आपटलं, टोपी तिरकी झाली, जेल कानावरून मानेपर्यंत ओघळलं, खालचा ओठ फुटला. काकी हलली नाही. बाहेरून भाऊ दोन पावलं धावत आला आणि काकीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा थांबला.

मी टोपी सरळ केली. ओघळलेल्या खोबणींत परत जेल भरलं.  तो समोर उभाच होता.

“दुखला?” त्याने विचारलं.

उजवा.

“बरा झाला,” तो म्हणाला आणि खाली बसला. मग आजोबांकडे न बघता म्हणाला की हा माणूस खोटं बोलला असता तर आता बोलला असता. मग पहिलंही खरं. जा, वाडीला सांगा.

वाडीला मीच सांगितलं, देवळासमोर, चारही उत्तरं, पट्टी कुठवर गेली त्यासह. आजोबांनी नंतर हळूच विचारलं की ते बरं वाटल्याचं सांगायची काय गरज होती? मी म्हटलं, ते त्यांचं उत्तर आहे, माझं नाही. त्यानंतर विहिरीवरच्या बायकांनी कळशा उचलणं थांबवलं. दुकानदारही वेळेवर सामान देऊ लागला. इंजिनाचं काय, ते अजून कुणी बोलत नाही. तांडेलाने केस मागे घेतलेली नाही आणि घ्यावी असं काकीनेही कधी सुचवलं नाही. मी पोलिसांकडे जबाब दिला आहे, त्यात तो ‘हो’ही आहे. त्याची उजवी मूठ अजून पुरती मिटत नाही. दोर ओढणं संपलं, असं डॉक्टर म्हणतात.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. पण रोज सकाळी तो काकांना उचलून आंघोळ घालतो, पुसतो, खुर्चीत बसवतो. मी जेल भरायला लागले की मागे उभा राहून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं सरळ धरतो. त्याच्या मनगटावर तिच्या दातांचे व्रण आहेत, ते माझ्या डोळ्यांसमोर येतात. सगळ्या खोबणी भरून झाल्या की मी काकांना आधी विचारते, आज बोलायचं आहे का? परवा त्यांनी डावा दिला. मी टोपी काढली, आणि भावाने डोकं अलगद सोडलं.